सुरगाण्याकडे स्ट्रॉबेरी तोडायला जाताय? घड्याळ आणि डबा आधी बघा

रविवारी नऊला नाशिकहून आरामात गाडी काढायची, वाटेत मिसळ हाणायची आणि बाराच्या सुमाराला बोरगावच्या पुढे कुठल्यातरी वावराशी थांबायचं. आत जाऊन बघावं तर वाफ्यांवर हिरवी-पांढरी फळं सोडून काही नाही. मग रस्त्यावरच्या टपरीवरून दोन पेट्या घ्यायच्या, त्या डिकीत टाकायच्या, आणि नाशिकला पोचेपर्यंत खालच्या थराचा लगदा झालेला असतो. दर हिवाळ्यात ओळखीतल्या दोन-चार घरांची हीच कथा ऐकतो, आणि शेवटी बोल लावला जातो शेतकऱ्याला. खरं तर चूक दोनच ठिकाणी होते. एक वेळेत, दुसरी डब्यात.

आणखी एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा आणि कळवण तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यात, सापुताऱ्याच्या अलीकडे, स्ट्रॉबेरीचे प्लॉट आहेत ते बहुतेक घरच्या घरी कसलेले छोटे तुकडे. तिथं तिकीटखिडकी, सेल्फी पॉइंट असं काही असेलच असं धरून चालू नका. माल तोडून विकणं हे त्या घराचं काम आहे. तुम्हाला आत सोडतात तो मोकळेपणा. तो गृहीत धरला की पुढच्या माणसाला दार बंद होतं.

१. दिवस ठरवणं: फोनवर दोन प्रश्न

फळं डिसेंबरपासून मार्चपर्यंत मिळतात. मला विचाराल तर जानेवारीचा दुसरा आठवडा ते फेब्रुवारीचा मध्य. थंडीत फळ सावकाश पिकतं, घट्ट राहतं आणि गोडी धरतं. मार्चच्या उन्हात तेच फळ लहान आणि मऊ होतं, प्रवास सोसत नाही.

पण महिन्यापेक्षा वार महत्त्वाचा, आणि वार ठरतो तो तोड्यावर. पिकलेली फळं शेतकरी दर दोन-तीन दिवसांनी तोडतो. काल तोडा झाला असेल तर आज तुमच्यासाठी राहिलेलं म्हणजे नजरेतून सुटलेलं आणि न पिकलेलं. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी फोन करा आणि सरळ विचारा:

"दादा, शेवटचा तोडा कधी झाला? उद्या सकाळी आम्ही चौघं आलो तर एक-दोन वाफे आमच्यासाठी ठेवाल का?"

दुसरा प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत: "शेवटची फवारणी कधी केली, आणि कशाची?" स्ट्रॉबेरीला साल नाही. फवारलेलं औषध फळाच्या खडबडीत अंगावर बसतं आणि आपण ते तसंच तोंडात टाकतो. प्रत्येक औषधाला फवारणी आणि तोडणी यांच्यात ठरावीक दिवस सोडावे लागतात, ते औषधागणिक बदलतात. चांगला शेतकरी या प्रश्नाला चिडत नाही. "परवाच मारलंय, चार दिवसांनी या" असं कुणी सांगितलं तर तो नंबर जपून ठेवा, तो माणूस खरा आहे.

नंबर नसेल तर? आधीच्या एखाद्या फेरीत टपरीवर माल घेताना विचारून ठेवायचा. तेही जमलं नसेल तर सकाळी लवकर पोचून पहिल्याच टपरीवर विचारा, "आज तोडा कुणाकडे चाललाय?" पाच मिनिटांत पत्ता लागतो.

सावधान: अवकाळी पाऊस किंवा गारपीट झाली असेल तर बेत दोन-तीन दिवस पुढे ढकला. भिजलेल्या फळावर राखाडी बुरशी फार पटकन येते. वरून चकाकणारं फळ घरी येईतो केसाळ झालेलं असतं.

२. सामान: डबा उथळ हवा

पहिल्या वेळी मी घरातली पाच लिटरची बादली घेऊन गेलो होतो. मोठ्या उत्साहाने काठोकाठ भरली. दिंडोरीपर्यंत तळाला रस साचला आणि पंचवटीत शिरताना गाडीत मुंग्या. त्या दिवसापासून नियम एकच: फळांचे थर दोन, फार तर तीन. स्ट्रॉबेरीला शत्रू बाहेर शोधायला नको, वरच्या फळाचं वजन पुरतं.

त्यामुळे घ्यायचं ते असं. मिठाईचे रिकामे खोके किंवा चार बोटं उंचीचे उथळ प्लास्टिकचे डबे, झाकणाला भोकं पाडलेले. तळाला घालायला जुना सुती पंचा किंवा टिश्यू. तोडताना हातात धरायला एक लहान टोपली किंवा परडी, कारण मोठा डबा घेऊन वाफ्यात बसता येत नाही. थंड पेटी असेल तर उत्तम. बर्फाच्या पिशव्या टॉवेलात गुंडाळून ठेवा. बर्फ फळाला लागला की तो भाग काळा पडतो, वितळला की फळ भिजतं.

बाकी बंद बूट, टोपी, प्यायचं पाणी, हात धुवायला वेगळी बाटली, ओले कपडे ठेवायला पिशवी. मुलांना गडद रंगाचे कपडे घाला, पांढऱ्या शर्टावरचा डाग जन्मभर आठवण देतो. पैसे सुटे ठेवा. डोंगरात मोबाइलची रेंज कधी येते कधी जाते, आणि दोनशे रुपयांसाठी स्कॅनरसमोर उभं राहून "फिरतंय, फिरतंय" म्हणण्यात दहा मिनिटं जातात.

तपासा: प्रत्येक डब्यात मूठ घालून बघा. मूठ पूर्ण बुडत असेल तर डबा खोल आहे.

३. निघणं: दव सुकल्यावर, ऊन तापायच्या आत

हे गणित जरा नाजूक आहे, म्हणून थोडं थांबून सांगतो. फळ सकाळच्या गारव्यात तोडलेलं टिकतं. दुपारी तोडलेलं फळ आतून गरम असतं, ते डब्यात एकमेकांना उबवत राहतं. म्हणून लवकर. पण फार लवकर पोचलात तर पानांवर, फळांवर दव असतं, आणि ओलं फळ डब्यात गेलं की बुरशीला आमंत्रण. म्हणजे दव सुकल्यावर आणि ऊन चढायच्या आत, एवढीच फट आपल्या हाती. जानेवारीत ती साधारण साडेआठ ते साडेदहा.

दिंडोरी नाक्यावरून दिंडोरी, वणी आणि पुढे सापुताऱ्याचा रस्ता. वणी साधारण ४५ किलोमीटर, सापुतारा ८० च्या आसपास. प्लॉट त्याच्या अलीकडे, बोरगाव-हतगडच्या पट्ट्यात. वणीच्या पुढे वळणं आणि चढ आहेत. साडेआठला बांधावर उभं राहायचं तर नाशिक सहाला सोडा. हिवाळ्यात दिंडोरीपर्यंत धुकं असू शकतं आणि कांद्याचे ट्रॅक्टर, उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा न लावता चालतात, तेव्हा घाई गाडीच्या वेगात नको, उठण्यात करा.

सप्तशृंगी गडावर जायचं असेल तर ते परतीत. आधी दर्शन आणि मग शेत असा क्रम लावला की दुपार झालीच म्हणून समजा. परतीत गड घेणार असाल तर फळं कुठं ठेवायची तेही आधी ठरवा, पुढे सांगतो.

सापुताऱ्याला मुक्काम करणाऱ्यांसाठी जाता जाता: हद्दीपलीकडे गुजरातची दारूबंदी आहे. डिकी तपासूनच निघा.

४. बांधावर: आधी बोलणं, मग पाऊल

गाडी रस्त्याच्या कडेला लावा. नागलीच्या (नाचणीच्या), भाताच्या मोकळ्या दिसणाऱ्या वावरातसुद्धा चाक घालू नका, ते रिकामं असलं तरी कुणाचं तरी आहे. आत जाण्याआधी चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्या.

भाव किलोचा की पेटीचा, आणि स्वतः तोडल्यावर तोच की वेगळा? आत जायचे वेगळे पैसे आहेत का? तोडता तोडता खाल्लेलं धरायचं का? कोणत्या ओळी आपल्या?

भाव स्वस्त असेल ही समजूत सोडा. नवखा माणूस तोडताना थोडी नासाडी करतोच, आणि घरातला एक माणूस तुमच्याबरोबर अडकतो. घासाघीस करायची असेल तर भाजीबाजारात करा. मला तर वाटतं, दोन किलो तोडून अर्ध्या किलोचे पैसे खाण्यापोटी जास्त द्यावेत. पोरं तेवढी खातातच.

मोठ्या माणसांना मामा, मावशी म्हणा. शेतावर बऱ्याचदा बायकाच तोड्याला असतात, तर ताईंना विचारा; कुठली ओळ गोड आहे ते त्यांना मालकापेक्षा जास्त ठाऊक असतं. आपसात त्या कोकणी (इथल्या कोकणा आदिवासींची बोली, किनाऱ्यावरची कोंकणी नव्हे) बोलतील, तुमच्याशी मराठीत. त्यांचा फोटो काढायचा तर विचारून.

५. वाफ्यात चालणं

रोपं उंच गादीवाफ्यावर असतात, वर काळा किंवा चंदेरी मल्चिंग पेपर (वाफा झाकणारा प्लास्टिकचा कागद), त्याखाली ठिबकची नळी. चालायचं फक्त दोन वाफ्यांमधल्या सरीतून. वाफा ओलांडायचा नाही, टोकापर्यंत जाऊन वळायचं. पेपरावर पाय पडला की तो फाटतो, फाटला तिथून तण वर येतं. नळी दबली तर पुढच्या रोपांचं पाणी तुटतं. आपल्याला ती एक चूक वाटते, त्यांना ती संध्याकाळभर शोधावी लागते.

वाकून तोडू नका, कंबर धरते. उकिडवं बसा आणि बसल्या बसल्या सरका. शाल, ओढणी, पदर खोचून घ्या, नाहीतर एका झटक्यात चार फुलं जातात.

सावधान: फुलांवर मधमाश्या असतात. हात झाडून त्यांना हाकलू नका. त्या आहेत म्हणून फळ भरतं. परागीभवन नीट झालं नाही तर फळ वेडंवाकडं येतं. मुलांना एवढंच सांगा, माशी बसली असेल तिथं आपण नाही, पुढचं रोप घ्यायचं.

६. पिकलेलं फळ ओळखणं

इथं सगळ्यांत मोठा गैरसमज. आंबा, केळी, चिकू अढीत पिकतात, म्हणून स्ट्रॉबेरीही घरी पिकेल असं लोक धरतात आणि अर्धी पांढरी फळं मुद्दाम तोडतात, "दोन दिवसांनी खाऊ". स्ट्रॉबेरी तोडल्यावर पिकत नाही. रंग थोडा चढेल, मऊही पडेल, पण गोडी वाढणार नाही. तोडलं त्या क्षणी जेवढी साखर, तेवढीच शेवटपर्यंत.

फळ टोकाकडून देठाकडे रंगत येतं. म्हणून टोक बघून निर्णय घेऊ नका, हिरवी टोपी बोटाने किंचित उचलून तिच्या खालचा खांदा बघा. तिथं पांढरं असेल तर राहू द्या. लाली खांद्यापर्यंत पोचलेली, अंगावर चकाकी आणि नाकाजवळ नेलं की वास, या तिन्ही खुणा जुळल्या की घ्या. चकाकी जाऊन काळपट मंद लाल झालेलं फळ अती पिकलेलं. ते तिथल्या तिथं खायला अप्रतिम, न्यायला निरुपयोगी.

आकाराला भुलू नका. मोठं फळ गोड असतंच असं नाही, आणि विंटर डॉन, स्वीट चार्ली, कॅमारोसा अशा वाणांची चव, घट्टपणा वेगवेगळा. शेतात दोन वाण असतील तर दोन्हीचं एकेक खाऊन मगच ओळ निवडा. चांगली फळं पानांखाली लपतात. वरून पाहू नका, बाजूने बघा, उलट्या हाताने पानं वर करा.

तपासा: पहिली पाच फळं तोडून थांबा आणि ताईंना दाखवा. त्या मान हलवतील किंवा हसतील. हसल्या तर पुन्हा खांदा बघायला शिका.

७. तोडणं

फळाला धरून ओढायचं नाही. ओढलं की एक तर टोपी रोपावर राहते आणि फळाला वर भोक पडतं, नाहीतर सगळा घोस हातात येतो, कच्च्या फळांसकट, फुलांसकट.

फळाच्या वर साधारण अर्ध्या बोटावर देठ अंगठ्याच्या नखात आणि तर्जनीत धरा, नखाने दाबून हलका पीळ द्या. देठ तुटतो, फळ अलगद तळहातात येतं. हिरवी टोपी फळावरच राहिली पाहिजे. ती गेली की फळ काही तासांत पाणी सोडतं. देठ फार लांब ठेवला तर डब्यात तो शेजारच्याला टोचतो, म्हणून बेताचा.

एका वेळी हातात दोन-तीनच. मूठ भरू नका. टोपलीत टाकू नका, ठेवा. "टाकू नका" हे मुलांना दहा वेळा सांगावं लागतं, सांगा. सहा-सात वर्षांखालच्या मुलाला त्याची स्वतःची छोटी वाटी द्या आणि तिच्यात जाईल ते त्याच्या पोटात जाणार असं धरून चाला.

किती तोडायचं? मध्यम आकाराची पन्नास ते ऐंशी फळं म्हणजे एक किलो. चौघांच्या घराला ताजं खायला दोन किलो खूप झाली. हात लागला की थांबवत नाही, तेव्हा डबे संपले की तोडणं संपलं असं आधीच ठरवून टाका.

तोडताना खायचं असेल तर बाटलीतल्या पाण्याने धुऊन. फवारणीची चौकशी केली असली तरी.

८. वजनाआधीची निवड

सावलीत बसून टोपलीतली फळं एकेक करून डब्यात लावा. मऊ पडलेली, खरचटलेली, पक्ष्याने टोचलेली वेगळ्या डब्यात. ती टाकायची नाहीत, पण आज संपवायची. एकही डागी फळ चांगल्यांत गेलं तर दोन दिवसांत त्याच्या शेजारची चार घेऊन जातं. फळं टोपी खाली, टोक वर अशी लावली तर कमी घासतात.

तुम्ही चुकून तोडलेली कच्ची फळं वाफ्यात लपवू नका. वजनात धरा, पैसे द्या. तोडलेलं फळ रोपाला परत लागत नाही आणि वाफ्यात पडलेलं कुजून बुरशी पसरवतं.

९. परतीचा प्रवास

डिकीत नाही. उन्हात उभ्या गाडीची डिकी म्हणजे भट्टी. डबे मागच्या सीटखाली, सपाट, एसीचा वारा पोचेल असे. डब्यावर डबा ठेवायचा तर झाकण कडक असलेलाच खाली.

गडावर किंवा हतगड किल्ल्यावर जायचं असेल तर थंड पेटी हवीच. नसेल तर शेतकऱ्याला विचारा, डबे त्यांच्या घरात सावलीला ठेवतात का, आणि फिरून आल्यावर घ्या. बहुतेक जण हो म्हणतात. मात्र त्या बाजूनेच परतणार असाल तरच.

वाटेत जेवायला थांबलात तर काचा थोड्या खाली ठेवून गाडी झाडाखाली. नागलीची भाकरी, कांद्याची चटणी मिळाली तर जरूर बसा, पण तासभर नको.

१०. घरी आल्यावर

पहिली गोष्ट: धुवू नका. सगळं एकदम धुऊन फ्रिजमध्ये ठेवणं ही शेवटची आणि सगळ्यांत हळहळ लावणारी चूक. एवढं सांभाळून आणलेलं ओल्याने जातं. पुन्हा एकदा निवडा, टिश्यू घातलेल्या डब्यात एका थरात लावा, झाकण किंचित उघडं ठेवून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. फ्रीजरच्या लगत नको, गोठतात. असं ठेवलं तर चांगली फळं तीन-चार दिवस राहतात.

खायच्या वेळी खायची तेवढीच वाहत्या पाण्याखाली धुवा, टोपी काढण्याआधी. टोपी काढून धुतलं तर पाणी आत शिरतं आणि चव पातळ होते. फ्रिजमधून काढून पंधरा मिनिटं बाहेर ठेवा, वास मोकळा होतो.

जास्त आणलीच असतील तर धुऊन, पूर्ण कोरडी करून, टोपी काढून ताटात सुटी सुटी गोठवा आणि दुसऱ्या दिवशी पिशवीत भरा. एकदम पिशवीत भरली तर विटेसारखा गोळा होतो.

डागी डब्याचा जॅम त्याच रात्री. बुरशी दिसलेलं फळ मात्र सरळ फेका, कापून वाचवू नका. अर्धा किलो फोडींवर साधारण ३०० ग्रॅम साखर घालून दोन तास झाकून ठेवा, सुटलेल्या रसासकट मध्यम आचेवर ढवळत शिजवा. स्ट्रॉबेरीत जॅम धरणारं पेक्टिन कमी असतं, म्हणून एका लिंबाचा रस घालायचाच. फ्रीजरमध्ये गार केलेल्या बशीवर थेंब टाकून बोटाने रेघ ओढा. रेघ लगेच मिटली नाही की गॅस बंद. कढईत पातळ दिसतो म्हणून जास्त आटवाल तर उद्या सुरीने कापावा लागेल. साखर कमी असल्याने हा जॅम बाहेर टिकत नाही. कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवा, तीन आठवड्यांत संपवा आणि ओला चमचा घालू नका.